कर्जमाफी म्हणजे नोटा छापणं? मग पैसा जन्मतो तरी कुठे?

वावरवही:
मागच्या आठवड्यात चोपड्याला पीककर्जावर जाहीर चर्चा झाली. एक वक्ते म्हणाले, "कर्जमाफी दिली की सरकारला तेवढ्या नोटा छापाव्या लागतात, महागाई वाढते आणि तो पैसा शेतकऱ्याच्याच खिशातून परत जातो." टाळ्या पडल्या. माझी सगळी नोकरी विकास सोसायटीचा, म्हणजे गावात पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचा, गटसचिव म्हणून गेली आणि मला हे वाक्य मुळातच चुकीचं वाटतं. कर्जमाफी चांगली की वाईट हा वेगळा वाद आहे, त्यात आत्ता शिरत नाही. पण पैसा म्हणजे छापखान्यातून निघणारा कागद, ही समजूत डोक्यात असेपर्यंत शेतीच्या पतपुरवठ्यावर धड बोलणं होणार नाही.

शाळेत आपण शिकलो की आधी वस्तुविनिमय होता. गहू देऊन मडकं घ्यायचं. ते अडचणीचं झालं म्हणून लोकांनी सोनं-चांदी निवडली आणि शेवटी नोट आली. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६ मध्ये हीच मांडणी केली, कार्ल मेंगरने १८९२ मध्ये ती आणखी पक्की केली. दुसरी बाजू फारशी कुणी शिकवत नाही. मिचेल-इन्स नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१३ आणि १९१४ मध्ये दोन लेख लिहून सांगितलं की पैसा मुळात उधारी आहे. कुणीतरी कुणाचं देणं लागतो आणि ते देणं तिसरा माणूस बिनतक्रार स्वीकारतो, तेव्हा त्याचा पैसा होतो.

हे समजायला लंडनला जायची गरज नाही. रावेर-यावलकडे केळीचा माल कटला की शेतकऱ्याच्या हातात आधी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, पडते, रक्कम मागून येते. ती पट्टी दाखवून तो कृषी केंद्रातून पोटॅश उचलतो, कारण दुकानदार त्या व्यापाऱ्याला ओळखतो. एकही नोट हलली नाही, माल मात्र हलला. व्यापाऱ्याचं देणं शेतकऱ्याने दुकानदाराकडे चालवलं.

आता बँकेचं बघा. मार्च अखेरचं नवं-जुनं इथे सगळ्यांना माहीत आहे. समजा खात्यावर १,२०,००० रुपये थकलेत. शेतकरी आडत्याकडून चार दिवसांसाठी शेकडा दोनने हातउसने आणतो, सोसायटीत भरतो, खातं निरंक होतं. लोकांच्या हातातला तेवढा पैसा त्या क्षणी कमी झाला. एप्रिलमध्ये मंजुरी येते, खात्यावर १,३०,००० जमा पडतात. ते काढून आडत्याचे फेडले की उरलेल्यातून बियाणं. मधल्या काळात ना कापूस विकला, ना केळी. जुनी नोंद पुसली, नवी लिहिली. बँक कर्ज देते तेव्हा आधी कुणाची तरी ठेव उचलून देत नाही. कर्जाची नोंद आणि ठेवीची नोंद ती एकाच वेळी करते आणि ती नवी ठेव म्हणजेच नवा पैसा. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ च्या आपल्या त्रैमासिकात हे स्पष्ट लिहून टाकलं. अमर्याद लिहिता येत नाही हे खरंच. दुसऱ्या बँकांचं देणं रोज चुकवावं लागतं, रोख राखीव ठेवावी लागते, भांडवल लागतं, आणि सहकारी साखळीत नाबार्डचं (शेतीच्या शिखर बँकेचं) पुनर्वित्त, म्हणजे बँकांना मिळणारं कर्ज, किती येतं त्यावरही बरंच अवलंबून असतं.

देशात चलनात असलेल्या नोटा ३० लाख कोटींहून अधिक आहेत, बँकांतल्या ठेवी २०० लाख कोटींच्या वर. म्हणजे पैशाचा मोठा भाग नोटा नव्हेतच, नोंदी आहेत. खानदेशाचा खरा प्रश्न नोटा किती छापल्या हा नाही. पेरणीच्या तोंडावर ही नोंद कुणाच्या नावावर होते आणि कुणाच्या नावावर होत नाही, हा आहे.

सुवर्णपेठ:
नमस्कार. आमची तिसरी पिढी जळगावच्या सराफ बाजारात आहे, त्यामुळे मी कोणत्या बाजूने बोलणार ते उघड आहे.

तुमची वहीतली नोंद शाई आहे तोवर ठीक. आमच्या आत्यांनी निवृत्तीची सगळी रक्कम एका पतसंस्थेत ठेवली होती. पासबुकात नोंद होती, शिक्का होता, सही होती. संस्था बसली आणि आत्या औषधाला पैसे मागत फिरल्या. पासबुक अजून घरात आहे. त्याच आत्यांच्या चार बांगड्या होत्या, त्या मोडल्या तेव्हा त्याच दिवशी रोख मिळाली, कुणाची सही लागली नाही. इथला शेतकरी कापसाचे पैसे आले की तोळा-दोन तोळे का घेतो, हे तुमच्या मिचेल-इन्सने सांगावं. ज्या वस्तूची किंमत दुसऱ्याच्या शब्दावर टिकून नाही तो पैसा, बाकी सगळी आश्वासनं.

इतिहासही बघा. मुहम्मद तुघलकाने १३३० च्या सुमाराला तांब्या-पितळेचं नाणं काढलं आणि ते चांदीच्या टंक्याइतकं धरा असा हुकूम केला. त्या काळचा इतिहासकार बर्नी लिहितो की घरोघर टांकसाळ झाली. शेवटी सुलतानाला तांबं परत घेऊन तिजोरीतून चांदी मोजावी लागली. उलट मुघल काळात स्पेनच्या ताब्यातल्या अमेरिकेतली चांदी सुरतेच्या बंदरात उतरायची आणि रुपये होऊन नंदुरबारवरून तापीच्या काठाकाठाने बऱ्हाणपूरला जायची. ना इथल्या कुणब्याला स्पेनचा राजा माहीत, ना त्या राजाला खानदेश. चांदी मात्र दोघांनाही चालली.

आणि १९९१ आठवा. परदेशात आपल्या नोंदीवर कुणी विश्वास ठेवेना तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे तारण पाठवलं. कर्जखात्यांचे उतारे का नाही पाठवले?

भुसावळ जंक्शन:
सुवर्णपेठ, तुमच्या आत्यांबद्दल फार वाईट वाटलं. तो मुद्दा खरा आहे आणि त्यावर वावरवहींनी उत्तर दिलंच पाहिजे. पण चांदीची जी गोष्ट तुम्ही सांगितली ती तुमच्याच विरुद्ध जाते.

सुरतेला उतरलेलं परदेशी नाणं जसंच्या तसं का चाललं नाही? टांकसाळीत नेऊन, वितळवून त्यावर बादशहाचं नाव आणि साल का पाडावं लागलं? बरं, पाडल्यावरही त्याच वजनाच्या, त्याच कसाच्या पण जुन्या सालाच्या रुपयाला बाजारात बट्टा बसायचा, म्हणजे किंमत कापली जायची. चांदी तीच असताना बट्टा कसला? धातूमुळे किंमत असती तर साल बघायचं कारण नव्हतं.

क्नाप या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये याचं उत्तर दिलं. राज्य ज्या रूपात कर स्वीकारतं तो पैसा. खानदेश १८१८ ला ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला. त्याआधी इथे नाना तऱ्हेचे रुपये फिरत होते, प्रत्येकाचा बट्टा वेगळा. १८३५ मध्ये कंपनीने एकच रुपया ठरवला आणि शेतसारा त्याच रुपयात, रोखीने आणि तारखेला मागितला. पीक विकलं जायच्या आत हप्ता भरायचा म्हणून शेतकरी सावकाराच्या दारात उभा राहिला. त्याला रुपयाची गरज लागली ती बाजारहाटासाठी कमी आणि साऱ्यासाठी जास्त. सरकारने मागितला म्हणून रुपया हवा झाला.

सगळ्यात मोठा पुरावा १८९३ चा. जर्मनी सोन्याकडे वळल्यापासून चांदी जगभर उतरत होती. हिंदुस्थान सरकारने त्या वर्षी लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद केलं. त्यानंतर चांदी आणखी घसरली, रुपया मात्र १८९८ पर्यंत इंग्रजी चलनात १ शिलिंग ४ पेन्सवर जाऊन बसला. आतली चांदी तेवढ्या किमतीची उरली नव्हती. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या गल्ल्यातला रुपयाही अर्धा हुकूमच होता.

तुघलकाचं नाणं फसलं कारण त्याची नक्कल कुणालाही करता येत होती. आणि १९९१ चं सोनं परदेशी देणं भागवायला गेलं, डॉलर हवे होते म्हणून. त्या महिन्यांत जळगावच्या बाजार समितीत कापूस रुपयातच विकला जात होता आणि कुणी सोनं मागत नव्हतं.

गाठीवाला:
इतका वेळ तीन जण पैसा काय आहे यावर भांडतायत, तो जास्त झाला की काय होतं यावर कुणी बोलत नाही. माझा जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढायचा, धंदा आहे. मला व्याख्येशी कमी आणि भावाशी जास्त देणंघेणं आहे.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फिशरने १९११ मध्ये साधं समीकरण मांडलं. पैशाचा साठा गुणिले तो फिरण्याचा वेग, बरोबर भाव गुणिले व्यवहार. माल तेवढाच राहिला आणि पैसा वाढला तर भाव चढणार. तिथलेच अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन १९६३ मध्ये मुंबईत व्याख्यानं द्यायला आले होते, महागाई ही नेहमी आणि सगळीकडे पैशाचीच बाब असते हे त्यांचं म्हणणं त्याच व्याख्यानांतलं. आणि याचा नमुना आपल्या घरचा आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस बंद झाला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. चांदी बोटींनी आली. कापसाच्या मुलखात मजुरी, धान्य, जमीन, सगळं चढलं. १८६५ ला युद्ध संपलं, मुंबईचा शेअर बाजार कोसळला, भाव उतरले आणि चढ्या भावात काढलेली कर्जं तशीच राहिली.

वावरवही, नोटेऐवजी नोंद म्हणा. नोंदी वाढल्या तरी परिणाम तोच. आणि त्याचा फटका कुणाला बसतो? बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. चलनाचं प्रमाण सरकारच्या मर्जीवर सोडू नका, त्याला पक्की मर्यादा घाला, असा त्यांचा आग्रह होता. रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराला जो फायदा दिसतो तो परदेशातून येत नाही, देशातल्याच मजुरी करणाऱ्याच्या पदरातून जातो, हे त्यांनी दाखवलं. मी निर्यातदारांच्या बाजूचा माणूस, तरी हे मान्य करतो. माझ्याकडे कापूस येतो तो वेचणाऱ्या बाया किलोवर मजुरी घेतात. तेल आणि डाळ दिवाळीत चढते, त्यांचा किलोचा दर पुढच्या हंगामाशिवाय हलत नाही. स्वस्त कर्ज वाटा म्हणणाऱ्याने आधी त्यांना तोंड द्यावं.

वावरवही:
तिघांनाही उत्तर देतो, पण सुवर्णपेठांना आधी, कारण त्यांचा प्रश्न सगळ्यात जड आहे.

सगळ्या नोंदी सारख्या नसतात. सगळ्यात वर रिझर्व्ह बँकेचं देणं, म्हणजे नोट. तिच्या खाली बँकेतली ठेव, कारण बँक रिझर्व्ह बँकेशी बांधलेली आहे आणि मागितलं की नोट द्यायला बांधील आहे. त्याच्या खाली पतसंस्था. ती बँक नाही, तिच्यामागे रिझर्व्ह बँक उभी नाही, आणि पासबुक बँकेसारखं दिसतं म्हणून माणूस फसतो. सगळ्यात खाली दुकानातलं खातं. आत्यांची नोंद बुडाली ती नोंद होती म्हणून नाही. ज्याने लिहिली त्याच्यावर कुणाचा धाक नव्हता म्हणून बुडाली. सोनं चांगली साठवण आहे, नाकारत नाही. पण साठवण आणि पैसा एक नव्हे. अमळनेरात १९४५ ला तेलाचा कारखाना निघाला, आजची विप्रो ती. त्या काळी तिथल्या ज्या घरांनी शेअर धरून ठेवले त्यांची साठवण सोन्यापेक्षा भारी निघाली. तरी अमळनेरात कुणी शेअर देऊन भाजी घेत नाही. तुम्हीही दागिना विकता तो रुपयात, आणि दुकानात घालायला माल उचलता तोही बँकेच्या कॅश क्रेडिटवर किंवा आपसातल्या शब्दावरच.

गाठीवाला, १८६१ चा क्रम उलटा लावून बघा. चांदी आली म्हणून कापूस महागला का? लँकेशायरला कापूस मिळेना म्हणून भाव चढला, चढ्या भावात खरेदी झाली आणि ते देणं चुकवायला चांदी आली. आधी टंचाई, मग भाव, मग पैसा. आणि पुढे जे वाईट झालं, सावकाराच्या वहीत अडकलेली कुटुंबं, ते चांदी कमी झाल्यामुळे झालं असं तुम्हीही म्हणत नाही. उधारी कुणी, कोणत्या अटीवर आणि कशाचं तारण घेऊन दिली, त्यामुळे झालं.

समीकरणाची परीक्षा आपण सगळ्यांनी २०१६ च्या नोव्हेंबरात दिली. ८ तारखेला रात्री चलनातल्या ८६ टक्के किमतीच्या नोटा बाद झाल्या. भाव ८६ टक्क्यांनी पडले का? भाजीपाल्याचे पडले, बाकीच्यांचे फारसे नाही. बाजार उधारीवर चालला. पण कुठे चालला आणि कुठे नाही, ते बघा. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला आणि बदलून द्यायला बंदी झाली. खानदेशात ते दिवस कापसाचे. खेडा खरेदीवाला दारात काटा लावून उभा आणि म्हणतो, जुनी नोट घेशील तर हा भाव, चेक घेशील तर महिन्याने, रोख नवी हवी असेल तर क्विंटलमागे इतके कमी. एकाच कापसाला तीन भाव. ज्याचं खातं राष्ट्रीयीकृत बँकेत त्याने कसंतरी निभावलं, ज्याचं सोसायटीत आणि जिल्हा बँकेत तो लटकला. देशातला पैसा एकूण किती होता या आकड्याने त्या शेतकऱ्याला काहीच सांगितलं नसतं. बाद नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या, हे रिझर्व्ह बँकेनेच नंतर जाहीर केलं.

वेचणीच्या बायांचा मुद्दा मात्र मनाला लागला. कर्ज कशासाठी दिलं यावर भाव ठरतो, असं मी म्हणेन. जळगाव जिल्ह्यात ठिबक आणि टिश्यू कल्चरची केळी कर्जावरच उभी राहिली आणि त्या कर्जातून माल वाढला. तेवढीच रक्कम बायपासलगतचे प्लॉट घ्यायला दिली तर फक्त प्लॉटचा भाव वाढतो, माल कणभर वाढत नाही. फिशरच्या समीकरणात ही दोन्ही कर्जं एकाच रकान्यात पडतात.

गाठीवाला:
पेरणीच्या नावाने घेतलेलं पीककर्ज प्लॉटमध्ये गेलेलं मीही पाहिलंय आणि गटसचिव म्हणून तुम्ही तर माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. कर्ज कुठे वळतं यावर वहीवाल्याचा ताबा नसतो. म्हणून एकूण साठ्याला लगाम हवा. तो लगाम आज कायद्यात आहे आणि मला तो योग्य वाटतो. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेला ४ टक्के महागाईचं लक्ष्य आहे, खाली-वर २ टक्क्यांची मुभा. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, वाढतो तेव्हा माझंही व्याज वाढतं, त्रास होतो, तरी हे हवं असं म्हणतो.

सातपुडा मास्तर:
मी धडगाव भागातल्या शाळेवर आहे. वस्तुविनिमयाबद्दल थोडं, कारण लोक आमच्याकडे बोट दाखवून म्हणतात की बघा, आदिवासी भागात अजून वस्तूला वस्तू चालते, म्हणजे पैशाच्या आधी सगळीकडे असंच असणार.

आमच्या आठवडे बाजारात जुनी माणसं सांगतात की चारोळी देऊन मीठ घ्यायचे. खरं आहे. पण हा सौदा दोन पावरा आदिवासी घरांमध्ये होत नव्हता. तो व्हायचा बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याशी. व्यापाऱ्याला चारोळीचा शहरातला भाव रुपयात माहीत होता आणि मिठाचाही. समोरच्याला दोन्ही माहीत नव्हते. माप मिठाचं ठरायचं आणि चारोळी मापाला माप जायची. तो पैशाआधीचा बाजार नव्हता. एका बाजूला रुपया माहीत आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशा ठिकाणचा बाजार होता. आपसात लोक एकमेकांच्या शेतावर राबतात, लग्नाला धान्य देतात, आणि ते लक्षात ठेवलं जातं. पुढच्या वेळी फेडलं जातं. त्याचा भाव कुणी काढत नाही. कॅरोलाइन हम्फ्री या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ मध्ये लिहिलं की निव्वळ वस्तुविनिमयावर चालणारी अर्थव्यवस्था आजवर कुणीच नोंदलेली नाही. मला इथे राहून ते पटतं.

पण वावरवहींना माझा विरोध आहे तो वेगळ्या जागी. उधारीचा पैसा, उधारीचा पैसा, असं तुम्ही कौतुकाने म्हणता. इथे उधारीमुळेच माणूस मुकादमाच्या, म्हणजे मजूर गोळा करणाऱ्याच्या, हातात जातो. पावसाळ्यात उचल, म्हणजे मजुरीवर आगाऊ रक्कम, घ्यायची आणि दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाऊन ती फेडायची. माझ्या वर्गातली मुलं त्या महिन्यांत हजेरीपटावरच उरतात. ती उचलही वहीतली नोंदच आहे आणि तिने काय होतं ते मी दरवर्षी बघतो. पैसा म्हणजे देणं, एवढं सांगून थांबलात तर देणेकऱ्याचं काय होतं ते सांगायचं राहून जातं.

भुसावळ जंक्शन:
मास्तर, म्हणूनच मी राज्य म्हणतो. मुकादमाची नोंद आणि रिझर्व्ह बँकेची नोंद यांत फरक करायचा तर मधे सार्वजनिक सत्ता लागते. रोजगार हमीचा पैसा वेळेवर खात्यात पडला तर उचलीची गरजच कमी होते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने ही वाट देशाला दाखवली. केंद्र सरकार आपल्याच चलनात खर्च करतं, त्याला रुपये संपले असं होत नाही. मर्यादा मालाची आणि माणसांची, रुपयांची नव्हे. पडून असलेले हात कामाला लावले तर महागाई का व्हावी?

गाठीवाला:
जंक्शन, एक मोठी चूक होतेय. इथल्या अलीकडच्या कर्जमाफ्या राज्य सरकारने दिल्या. महाराष्ट्र शासनाकडे टांकसाळ नाही. २०१७ च्या माफीसाठी ३४,०२२ कोटी जाहीर झाले, प्रत्येकी दीड लाखापर्यंत. २०१९ ची दोन लाखांपर्यंत. हा पैसा करातून किंवा बाजारात कर्जरोखे विकूनच येतो आणि त्यावर व्याज चढतं. केंद्रालाही आता मोकळं रान नाही. वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने २००६ पासून रिझर्व्ह बँकेला सरकारचे रोखे थेट सरकारकडून घ्यायला एरवी मनाई आहे. तेव्हा चोपड्याचे वक्ते नोटांबद्दल चुकले हे मी मान्य करतो. पण फुकट काहीच नाही. ते व्याज भरताना जिल्हा परिषदेच्या शाळा आणि पाटबंधारे मागे पडतात.

वावरवही:
इथे आपण दोघं एका रेघेवर आहोत. माफीत नवा पैसा जन्मत नाही. तो कर्ज दिलं त्या दिवशीच जन्मला होता आणि बियाणं-खतांत गेलासुद्धा. माफी म्हणजे बँकेच्या वहीतलं शेतकऱ्याचं नाव खोडून तिथे सरकारचं नाव लिहिणं. म्हणूनच माझा जीव माफीपेक्षा कर्ज देण्याच्या क्षणाशी अडकलाय. माफी दर काही वर्षांनी येते, पेरणी दरवर्षी येते. जो थकबाकीदार झाला त्याला जूनमध्ये बँक उभं करत नाही आणि तो रोखीने हजाराला मिळणारं औषध उधारीने अकराशे-बाराशेला घेतो. हे व्याज कुठल्याही आकडेवारीत दिसत नाही.

मास्तरांच्या मुकादमाबद्दल: उचल माझ्या म्हणण्याला खोटं पाडत नाही, उलट नोंद कुणाच्या हातात आहे यावर सगळं ठरतं हेच सांगते. बँकेने पावसाळ्यात त्या घराला दहा हजार दिले असते तर मुकादमाला जागाच नव्हती.

सातपुडा मास्तर:
त्या घराच्या नावावर सातबारा नाही. वनहक्काचा दावा कार्यालयात पडून आहे. बँक तारण मागेल आणि परत पाठवेल. तुमची नोंद जमिनीच्या कागदापासून सुरू होते, तो कागदच नसलेल्यांसाठी काय?

गिरणाकाठची:
सगळं वाचलं. आमना हातमा पैसा येस, पन महाग येस. आता नीट मराठीत लिहिते.

मी बचत गटाची हिशेबनीस आहे. गटात दर महिन्याला बचत गोळा होते आणि त्यातूनच शेकडा दोनने आपसात कर्ज देतो. बँकेचं गट-कर्ज त्याहून बरंच स्वस्त मिळतं, पण मागितलं की लगेच मिळत नाही. दाराशी येणारा फायनान्सवाला लगेच देतो, आधार कार्डावर देतो, आणि दर आठवड्याला वसुलीला येतो. तेच दहा हजार रुपये, तिघांकडून तीन किमतींना. गाठीवाला भाऊ म्हणतात पैसा जास्त झाला की महागाई. आमच्या गल्लीत तो जास्त कधीच होत नाही. रेपो कमी झाल्याची बातमी येते तेव्हा फायनान्सवाल्याचा हप्ता तोच राहतो. वाढला की मात्र नवीन कर्जाला नवा दर. सोन्याचं म्हणाल तर आमच्यात ज्यांच्याकडे एखादी पोत आहे त्यांची ती वर्षातले सहा महिने गहाणच असते. म्हणजे सोनं असूनही शेवटी कागदच घेऊन जावा लागतो.

मास्तरांच्या प्रश्नाचं थोडंसं उत्तर आमच्याकडे आहे. गटातल्या अर्ध्या बायांच्या नावावर जमीन नाही. बँक गटाला देते ते सातबारा बघून नाही, वह्या बघून देते. बैठकीला किती जणी येतात, आपसातलं कर्ज फिरतं का, परतफेड वेळेवर आहे का, ते तपासतात. आम्ही शिक्का नसलेल्या वहीवर पत उभी केली. पण पाच वर्षं वही स्वच्छ ठेवल्यावर. ज्या घरातून माणसं सहा महिने ऊसतोडीला जातात तिथे बैठकच होत नाही, हेही खरं.

सुवर्णपेठ:
ताई, तुमचं पटलं. पोत गहाण ठेवायला लागते तीही ती सोन्याची आहे म्हणूनच कुणीतरी घेतं, एवढं मात्र म्हणू द्या. रिझर्व्ह बँकेजवळ आज ८०० टनांहून अधिक सोनं आहे आणि ती घेतच आहे. नोंदीवाल्यांची मुख्य पेढीच जर सोनं साठवते, तर बायकांनी साठवलं की तो अडाणीपणा कसा? वावरवहींनी नोंदींच्या पायऱ्या सांगितल्या, त्या मला मान्य. पण सामान्य माणसाला त्या पायऱ्या दिसत नाहीत. पाटीवर "पतसंस्था" असो की "बँक", काउंटर तसंच, पासबुक तसंच. पतसंस्थांच्या ठेवींनाही बँकेसारखा विमा सक्तीचा करा. तोवर मी गिऱ्हाइकाला सोनं घ्या म्हणूनच सांगणार, आणि ते धंद्यासाठी सांगतो असं कुणी म्हणू नये.

गिरणाकाठची:
हा विमा काय असतो? आमच्या गटाची काही रक्कम जिल्हा बँकेत आहे आणि काही गावातल्या पतसंस्थेत, तिथे व्याज जास्त देतात म्हणून.

वावरवही:
ताई, बँक व्यापारी असो, नागरी सहकारी असो की जिल्हा मध्यवर्ती, ठेव विमा महामंडळाकडे नोंदलेल्या बँकेत एका ठेवीदाराचे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विम्यात येतात. आधी मर्यादा १ लाख होती, फेब्रुवारी २०२० पासून ५ झाली. हप्ता बँक भरते, तुम्हाला काही भरावं लागत नाही. बँकेवर व्यवहाराचे निर्बंध आले तर ९० दिवसांत ही रक्कम द्यायची अशी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली. पतसंस्था या विम्यात येत नाही, व्याज कितीही दिलं तरी. पुढच्या बैठकीत ठराव घ्या आणि पतसंस्थेतली रक्कम बँकेच्या खात्यात आणा. मुदत ठेव असेल तर मोडताना थोडं व्याज जाईल, ते जाऊ द्या. ठरावाचा मसुदा हवा असेल तर इथेच लिहून देतो.